महालक्ष्मीचे घोडे आणि माझा बा

रेसचं पुस्तक तुम्ही कधी उघडून पाहिलंय? रेसच्या दिवशी महालक्ष्मीला गेटाबाहेर मिळतं. त्यात घोड्याचं नाव असतं, वय असतं, रंग असतो. बाप कोण, आई कोण, आईचा बाप कोण. मालक कोण, ट्रेनर कोण, जॉकी कोण. जॉकीच्या अंगात कुठल्या रंगाचा सदरा, डोक्यावर कुठल्या रंगाची टोपी. पाठीवर वजन किती किलो. मागल्या रेसात कितवा आला. एवढं सगळं असतं. आणि ज्या माणसानं पहाटे साडेतीनला उठून त्या घोड्याला चंदी घातली, लीद काढली, खरारा केला, रात्री त्याच्या शेजारी पोत्यावर अंग टाकलं, त्या माणसाचं नाव नसतं. माझ्या बानं तेहतीस वर्षं हे काम केलं. कुठल्याच पुस्तकात तो नाही. म्हणून हे चार कागद.

फेब्रुवारीतला पहिला रविवार, म्हणजे डर्बीचा दिवस. भाचा बँकेत आहे, त्याला कुठून तरी दोन तिकिटं मिळाली. म्हणाला, "मामा, चला. आजोबा राबले ती जागा मला दाखवा." मी चाळीस वर्षांत आत पाय ठेवला नव्हता. बाहेरून मात्र किती वेळा गेलो त्याची मोजदाद नाही. महालक्ष्मी स्टेशनात गाडी थांबली की मान आपोआप पश्चिमेला वळते. म्हातारा झालो तरी वळतेच.

स्टेशनावर उतरलो. पुलावरून धोबीघाट दिसला, तिथं गोरे पाहुणे फोटो काढत उभे होते. दुसऱ्यानं धुतलेले कपडे वाळताना बघायला लोक सातासमुद्रापलीकडून येतात, हीही एक गंमतच. मोझेस रोडनं चालत निघालो. हाच रस्ता मी पोरवयात हातात डबा घेऊन तुडवला. वरळीच्या बीडीडी चाळीतनं निघायचं, जांबोरी मैदान मागं टाकायचं, आणि तबेल्याच्या फाटकापाशी उभं राहून हाळी द्यायची. आयनं डब्यात भाकरी नि सुकटाची चटणी दिलेली असायची. बा बाहेर यायचा तो घोड्याचा वास घेऊनच. घाम, लीद, ओलं गवत आणि मालिशचं तेल, सगळं मिळून एक वास. परवा गेटाच्या आत शिरलो आणि तो वास आला. भाच्यानं नाकाला रुमाल लावला. मी उभा राहिलो.

आता ह्या जागेचा इतिहास सांगतो. साहेबांनी लिहिलेला इतिहास घोड्यापासून सुरू होतो. मी जमिनीपासून सुरू करतो.

महालक्ष्मी आणि वरळी यांच्यामध्ये पूर्वी खाडीचं तोंड होतं. भरतीला समुद्र आत घुसायचा आणि पार भायखळ्यापर्यंत चिखल व्हायचा. अठराव्या शतकाच्या शेवटी शेवटी हॉर्नबी नावाच्या गव्हर्नरानं तिथं बांध घातला. बांध झाला, समुद्र थांबला, पण आतली जमीन सखलच राहिली. पावसाळ्यात तळं, उन्हाळ्यात दुर्गंधी. साहेब लोक या पट्ट्याला फ्लॅट्स म्हणत. ह्या सखल जमिनी भरून काढायला एकोणिसाव्या शतकात शहराचा केरकचरा वापरला गेला. कचरा स्वतःच्या पायानं चालत जात नाही. कुणीतरी तो झाडला, पाटीत भरला, गाडीवर चढवला आणि इथं आणून ओतला. मुंबईच्या म्युनिसिपालटीत हलालखोर नावाचं खातंच होतं आणि त्या नावाचा करही होता. ते काम कुणाच्या जातीत होतं हे ह्या कागदाच्या वाचकाला मी सांगावं काय? तेव्हा हिरवळीवर उभं राहून जी बाई टोपी सावरत फोटो काढून घेते, तिच्या सँडलखाली हात-दोन हात खोल उकरलं तर काय लागेल, याचा विचार माझ्या मनात येतो. येऊ नये असं वाटतं, पण येतो.

रेसी त्याच्या आधीपासून होत्या. भायखळ्याला होत्या. १८३३ साली तिथं साहेबांचा भायखळा क्लब निघाला. क्लबाच्या व्हरांड्यातून शर्यत बघायची अशी सोय. घोडे बहुतेक अरबी. इराणच्या आखातातून गलबतांवर यायचे, अरब सौदागर भेंडीबाजाराकडच्या तबेल्यात बांधायचे आणि पलटणीतले अफसर विकत घ्यायचे. पुढं भायखळ्याला वस्ती वाढली, गिरण्या आल्या, आणि १८८३ साली रेसचं मैदान महालक्ष्मीला आलं. ते आजतागायत तिथंच आहे. २११ एकर.

आमच्या घराण्याचा घोड्याशी संबंध मुंबईत सुरू झाला नाही. तो पुण्याच्या कॅम्पातला. माझा आज्जा एका गोऱ्या साहेबाचा घोडेवाला होता. ह्या नोकऱ्या आमच्याच लोकांकडं का आल्या, हेही बघण्यासारखं आहे. पलटणीत महार होते. त्यांनी लढाया मारल्या, कोरेगावच्या खांबावर त्यांची नावं कोरली गेली. १८९२ च्या सुमारास इंग्रजानं ठरवलं की ही जात लढवय्यी नाही, आणि भरती बंद केली. गोपाळबाबा वलंगकरांनी त्याविरुद्ध अर्ज लिहिला. पुण्याच्या शिवराम जानबा कांबळ्यांनी १९१० साली थेट विलायतेला अर्ज धाडला. हे कांबळे स्वतः पुणे कॅम्पात मेसॉनिक हॉलमध्ये बटलर होते. नोकरी करता करता त्यांनी १९०८ साली 'सोमवंशीय मित्र' हे पत्र काढलं. म्हणजे ज्या हातातून बंदूक काढून घेतली त्याच हातात साहेबानं चहाचा ट्रे आणि घोड्याचा लगाम दिला. बटलर, कोचमन, घोडेवाला. साहेबाच्या घरी विटाळ नव्हता, आणि वरच्या जातीचा हिंदू साहेबाच्या मोरीत हात घालायला तयार नव्हता. त्या फटीतून आमची एक पिढी कॅम्पात शिरली. आज्जा त्यातलाच.

कॅम्पातून बाहेर पडलं की पुन्हा तेच. घोडं हौदावर पाणी पिणार आणि घोड्याला हौदावर नेणारा लांब उभा राहणार. कोल्हापूरची गोष्ट सगळ्यांना ठाऊक आहे. गंगाराम कांबळे महाराजांच्या पागेत नोकरीला होता. मराठ्यांच्या हौदाला शिवला म्हणून त्याला फटके मारून सोलून काढला. शाहू महाराजांनी मारणाऱ्यांना धडा शिकवला, गंगारामला पैसे देऊन चहाचं हॉटेल घालून दिलं, आणि स्वतः जाऊन तिथला चहा प्यायले. शाहू महाराज थोर, यात वाद नाही. मी गोष्टीची दुसरी बाजू बघतो. त्या पागेतले सगळे घोडे रोज त्या पाण्याला तोंड लावत होते. त्यांना कुणी फटके मारले नाहीत.

आज्जाचा साहेब १९४७ ला गेला. जाताना घोडा विकला, आज्जाला एक जुना कोट दिला. बा तेव्हा सतरा-अठरा वर्षांचा. आज्जाच्या ओळखीवर रेसच्या एका ट्रेनरकडं मोतद्दार म्हणून लागला. रेसमध्ये त्याला सईस म्हणतात. हे ध्यानात ठेवा की सईस क्लबाचा नोकर नसतो, ट्रेनरचा असतो. पावसाळ्यात घोडे पुण्याला, हिवाळ्यात मुंबईला. जुलै ते ऑक्टोबर पुणे, नोव्हेंबर ते एप्रिल महालक्ष्मी. घोड्यांबरोबर बा रेल्वेच्या वॅगनीतून जायचा, पुढं पुढं ट्रकमधून. आय म्हणायची, "ह्यो मानूस घोड्याबरुबर लगीन लावून बसलाय, मी आपली ठेवलेली."

खोटं नव्हतं ते. चाळीत दहा बाय बाराची खोली. त्यात चुलता, चुलती, त्यांची चार पोरं, आम्ही तिघं भावंडं आणि आय. बाला पाय पसरायला तिथं जागाच नव्हती. तबेल्यात होती. रेसच्या घोड्याला माणसापेक्षा मोठी खोली असते, हवेशीर, खाली जाड पेंढा. त्या खोलीच्या दाराशी बाचं पोतं.

पहाटे साडेतीनला उठायचं. घोड्याचा दाणा तोबऱ्यात, ओट, हरभरा, कोंडा. उजाडायच्या आत घोडा मैदानावर. पळवून आणला की गार होईस्तोवर चालवत फिरवायचा. लगेच पाणी द्यायचं नाही. मग अंग पुसायचं, खरारा, मालिश, पायाला पट्ट्या. खूर उचलून आतला चिखल काढायचा. दुपारी घोडा झोपतो, सईस जेवतो. संध्याकाळी पुन्हा सगळं. बा घोड्याच्या कानाला हात लावून सांगायचा, याला ताप आहे. डॉक्टर यायचा, सुई टोचायचा, थर्मामीटर लावायचा आणि तेच म्हणायचा. फी डॉक्टरची.

तबेल्यात घोड्याची नावंही वेगळी. पुस्तकात त्याचं काहीतरी लांबलचक इंग्रजी नाव, जे बाला उच्चारता यायचं नाही. बा त्याला बाळ्या म्हणायचा. दुसरी एक घोडी होती ती ताई. बाळ्या, ताई, पिंट्या अशी ती सगळी आमच्या घरात यायची. आय विचारायची, "बाळ्यानं खाल्लं का?" आम्ही खाल्लं का हे बाच्या ध्यानात असायचं की नाही, देव जाणे. देव म्हटलं, ही जुनी खोड. बानं तर ५६ सालीच देव सोडले. ऑक्टोबरात नागपूरला जायचं होतं, पण पुण्याचा सीझन चालू, मुकादमानं रजा दिली नाही. ६ डिसेंबरला बाबासाहेब गेले. ७ तारखेला बा महालक्ष्मीला होता. तबेल्यातले चौघे न सांगता निघाले आणि दादरच्या चौपाटीवर गेले. तिथं चितेसमोर भदन्त आनंद कौसल्यायनांनी लाखभर लोकांना दीक्षा दिली, त्या गर्दीत बा होता. परत आल्यावर मुकादमानं दिवसाचा पगार कापला. घोड्यांना कुणी पाणी दाखवलं नव्हतं म्हणून. बा म्हणायचा, "पगार कापला त्याचं काय न्हाई. पन जनावरं तहानली, ते मला लागलं."

परवा पॅडॉकच्या कठड्याला टेकून उभा होतो तेव्हा हे सगळं आठवत होतं. पॅडॉक म्हणजे रेसच्या आधी घोडे गोल फिरवून दाखवतात ती जागा. लोक घोड्यांकडं बघतात, मधोमध मालक आणि त्यांच्या बायका उभ्या असतात, जॉकी येतो, टोपीला हात लावतो. घोड्याला धरून जो माणूस फेऱ्या मारतो त्याच्याकडं कुणी बघत नाही. त्याच्या अंगात घोड्याच्या नंबराचं जाकीट. मेंबरांचा स्टँड वेगळा, फर्स्ट एन्क्लोजर वेगळं, सेकंड एन्क्लोजर वेगळं. प्रत्येकाला वेगळं गेट, मध्ये कुंपण. भाचा म्हणाला, "मामा, हे तर आपल्या गावासारखं आहे. वाडा, पेठ आणि कुसाबाहेर." मी म्हटलं, बरोबर, फक्त इथं तिकिटाचे पैसे टाकले की वरच्या आळीत जाता येतं. ती सोय गावात नाही.

डर्बीविषयी सांगतो. पहिली इंडियन डर्बी १९४३ साली इथं झाली. प्रिन्सेस ब्यूटिफुल नावाच्या घोडीनं ती मारली. जॉकी एडगर ब्रिट, ऑस्ट्रेलियाचा. मालक बडोद्याचे महाराज प्रतापसिंहराव गायकवाड. हे सयाजीरावांचे नातू. नाव ऐकल्यावर आपल्या माणसाचे कान टवकारतात, कारण १९१३ साली सयाजीरावांनी बाबासाहेबांना अमेरिकेत शिकायला दरमहा साडेअकरा पौंडांची शिष्यवृत्ती दिली. तीन वर्षांसाठी. ते ऋण मोठं आहे. आता नातवाचं ऐका. १९४५ साली प्रतापसिंहरावांनी विलायतेच्या लिलावात एक वर्षाचं शिंगरू २८,००० गिनीला घेतलं. लिलावात तोवर कुठल्याच वर्षाच्या शिंगराला तिथं एवढी किंमत आली नव्हती. त्या शिंगराचं नाव ठेवलं सयाजीराव. आजोबांचं नाव घोड्याला! १९४७ साली सयाजीराव घोड्यानं सेंट लेजरची शर्यत जिंकली.

मी शाळेत गणितात कच्चा, पण हे गणित मी कागदावर मांडलं. साडेअकरा पौंड गुणिले छत्तीस महिने, ४१४ पौंड. एक गिनी म्हणजे एक पौंड एक शिलिंग, तेव्हा २८,००० गिनी म्हणजे २९,४०० पौंड. एका शिंगराच्या पैशात सत्तर पोरं कोलंबियाला शिकली असती. सत्तर. रेसच्या स्टँडवर बसून मी हा हिशेब भाच्याला सांगितला. पुढच्या रांगेतल्या गृहस्थानं मागं वळून बघितलं. त्याला वाटलं म्हातारा टिप देतोय.

आणि वंशावळ! रेसच्या जातिवंत घोड्यांची वंशावळ लिहायला विलायतेत १७९१ साली सुरुवात झाली. आजचा जगातला प्रत्येक थरोब्रेड घोडा बापाकडून तीन घोड्यांपर्यंत जाऊन पोचतो. बायर्ली टर्क, डार्ली अरेबियन आणि गोडॉल्फिन अरेबियन. तिन्ही पूर्वेकडून नेलेले. हिंदुस्थानातल्या घोड्यांचीही अशी वही आहे. त्या वहीत नाव नाही तो घोडा इथल्या रेसला धावू शकत नाही. कितीही जोरात पळणारा असो, टांग्याचा घोडा इथं पळणार नाही. आई-बाप विचारल्याशिवाय पाय ठेवू देत नाहीत. जात म्हणजे काय ते मला मनूनं नव्हे, घोड्यांच्या वहीनं नीट समजावलं. मात्र घोड्यांत एक बरं आहे. जातिवंत घोड्याला दुसऱ्या घोड्याची लीद उचलावी लागत नाही, आणि बिनजातीच्या घोड्यालाही लागत नाही. ते काम माणसाकडं.

जुगाराचंही सांगायला पाहिजे. आमच्या चाळीत कोणी तीनपानी मांडली की पोलीस यायचे. कायदा १८८७ चा, मुंबई इलाख्याचा जुगारबंदीचा. साठच्या दशकात कल्याणजी भगत आणि रतन खत्री यांचा मटका चाळीचाळीत शिरला. आकडा लावणारा गिरणीवाला लॉकअपमध्ये जायचा. त्याच कायद्यात रेसकोर्सवरच्या पैजेला सूट. रेसकोर्सला लायसन देणारा कायदा १९१२ चा, पैजेवर कर घेणारा १९२५ चा. सरकार आपला वाटा घेतं आणि गप्प बसतं. १९९६ साली सुप्रीम कोर्टानं मद्रासच्या खटल्यात सांगून टाकलं की घोड्यांची रेस हा कौशल्याचा खेळ, जुगार नव्हे. असेल. पण पगाराच्या शनिवारी नवऱ्याला गाठायला गेटावर पोरं कडेला घेऊन उभ्या राहणाऱ्या बाया मी डोळ्यांनी बघितल्यात. त्यांच्या नवऱ्यांपाशी कोणतं कौशल्य होतं ते मला दिसलं नाही. बानं आयुष्यात एक रुपाया लावला नाही. आतली खबर त्याच्याइतकी कुणाला होती? चाळीतले लोक पाया पडायचे, टिप दे म्हणून. तो म्हणायचा, "आपुन घोडं राखायचं, लावायचं न्हाई."

एकोणीसशे बहात्तरच्या सीझनमध्ये बाळ्या एक रेस जिंकला. लहानशीच रेस, डर्बी-बिर्बी नाही. पण बा त्या दिवशी चाळीत पेढे घेऊन आला. जिंकल्यावर मालक घोड्याला धरून फोटो काढतात. दुसऱ्या दिवशी तो एका इंग्रजी पेपरात आला. चुलत्यानं पेपर आणला. मधोमध बाळ्या, एका बाजूला मालक, एका बाजूला मालकीणबाई. आणि फोटोच्या अगदी कडेला, बाळ्याच्या तोंडाजवळ, लगाम धरलेला एक हात. कोपरापर्यंत. पुढं फोटो संपतो. बानं बोट ठेवून आम्हाला दाखवलं, "ह्यो हात माजा हाय." आयनं ते कात्रण पत्र्याच्या पेटीत ठेवलं. अजून आहे.

त्याच्या पुढच्या वर्षी, मी बारा वर्षांचा, बानं मला एकदा घोड्यावर बसवलं. पहाटेची वेळ, मुकादम चहाला गेला होता. बाळ्याच्या पाठीवर खोगीर नव्हतं. बानं उचलून वर ठेवलं आणि तबेल्याच्या अंगणात एक फेरी मारली. केवढा उंच वाटलो मी! पत्र्यापलीकडचं दिसत होतं. खाली उतरवल्यावर बा म्हणाला, "गावात बोलू नगंस." तेव्हा कळलं नाही. आमच्या गावी महाराच्या नवरदेवानं घोड्यावर बसायचं नाही अशी रीत होती. मारुतीच्या देवळावरून तर नाहीच. बा स्वतःच्या लग्नात पायी गेला होता, वाटेत चपला हातात घेऊन. जन्मभर दुसऱ्याचे लाखाचे घोडे राखणारा माणूस पोराला दोन मिनिटं घोड्यावर बसवून भ्याला. आता कुणी म्हणेल, ते दिवस गेले. २०१८ च्या मार्चमध्ये गुजरातेत भावनगर जिल्ह्यात घोडा पाळणाऱ्या दलित तरुणाचा खून झाला. पोरगा घोड्यावर बसतो म्हणून मारला, असं त्याच्या बापानं पोलिसात सांगितलं. दिवस कुठं गेले ते मला दाखवा.

७४ च्या जानेवारीत वरळीला दंगल झाली. पँथरच्या सभेवर दगड आले, मग चाळीचाळीत दगड, सोड्याच्या बाटल्या, पोलीस. १० तारखेला मोर्च्यात भागवत जाधवच्या डोक्यात वरून दगड पडला आणि तो गेला. त्या दिवसांत बाला घरी येता येईना. पलीकडच्या बाजूला तबेला, अलीकडच्या बाजूला आम्ही, मधला रस्ता पोलिसांचा. मी डबा घेऊन निघालो तर आयनं ओढून आत घेतलं. बा घोड्यांत झोपला. पुढं कधीतरी म्हणाला, "त्या रातीला घोड्यांच्यात भ्या न्हवतं."

७६ साली एका नव्या घोड्यानं बाच्या मांडीत लाथ घातली. हाड मोडलं. घोड्याच्या पायाला खरचटलं होतं म्हणून डॉक्टर गाडी घेऊन धावत आला. बाला सईसांनी वर्गणी काढून टॅक्सीत घातलं. तीन महिने बिनपगारी. मालकाचं नाव मी लिहीत नाही, ट्रेनरचंही नाही. ते गेले, बाही गेला. तीन महिन्यांनी लंगडत पुन्हा कामावर. १९७९ साली कार्ल उमरीगर नावाचा कोवळा जॉकी ह्याच मैदानावर घोड्यावरून पडून गेला. सारी मुंबई हळहळली. बा पण ढसाढसा रडला, पोरगं गुणी होतं म्हणाला. त्या रडण्यात खोट नव्हती. मी मात्र तेव्हा अठरा वर्षांचा होतो, डोक्यात आग होती. मी विचारलं, तुझी मांडी मोडली तेव्हा कोण रडलं? त्यानं माझ्याकडं बघितलं आणि म्हणाला, "तुजी आय." ८१ साली पायानं साथ सोडली तशी त्यानं नोकरी सोडली. ८९ ला गेला.

रेसच्या दिवशी खिडकीवर तिकिटं फाडायला, दारावर उभं राहायला रोजंदारीवर माणसं लागतात. त्यांना कामगार विम्याचा, ईएसआयचा कायदा लागू आहे की नाही, हा वाद सुप्रीम कोर्टापर्यंत गेला. कायदा १९४८ चा. लागू आहे असा निकाल आला २०१६ साली. अडुसष्ट वर्षं. एवढ्या वेळात किती डर्बी पळाल्या ते मोजा.

परवा पाचव्या रेसच्या आधी पॅडॉकच्या कठड्याजवळून एक सईस जात होता. पंचविशीचा असेल. मी विचारलं, "नाव काय रे बाबा?" त्यानं घोड्याचं नाव सांगितलं. मी म्हटलं, "घोड्याचं पुस्तकात आहे. तुझं सांग." तो थबकला. घोड्यानं मान झटकली तसा दोन पावलं पुढं गेला, आणि मागं न बघता नाव सांगितलं. गावही सांगितलं. इथं छापत नाही, पोराची नोकरी आहे. पुढच्या फेरीला माझ्यापाशी आला तेव्हा आपण होऊन म्हणाला, "तबेल्यात याला मी छोटू म्हणतो." छोटू सहावा आला.

डर्बी कुणी मारली ते पेपरात आलंच आहे. सुटल्यावर खुरांचा आवाज लांबून ऐकू येतो, मग सगळा स्टँड उभा राहतो आणि काही ऐकू येत नाही. मीही उभा राहिलो, ओरडलो. खोटं कशाला सांगू? घोडा पळताना बघितला की माझ्या पोटात अजून हलतं. ते बाकडून आलंय.

बाहेर पडताना भाच्यानं पलीकडं बोट केलं. मैदानाची लीज २०१३ साली संपली होती. दहा-अकरा वर्षं वाद चालला. शेवटी २०२४ साली ठरलं, १२० एकर म्युनिसिपालटीनं बागेसाठी घ्यायचे आणि ९१ एकर क्लबाकडं ठेवायचे. म्हणजे अर्ध्याच्या वर जमिनीवर साध्या माणसाला बिनतिकिटाचं फिरता येईल. चांगलं आहे. ज्या जमिनीवर आपल्या लोकांनी पाट्या ओतल्या तिथं आपली नातवंडं पळतील. फक्त बागेत ते संगमरवरी फलक लावतील तेव्हा त्यावर कुणाची नावं येतात ते बघायचं. वरळीच्या आमच्या चाळींच्या जागी टॉवर उभे राहतायत, २०२५ च्या ऑगस्टमध्ये पहिल्यांना चाव्या मिळाल्या. चुलत्याच्या नातवाचा नंबर अजून यायचाय.

मोझेस रोडला दिवे लागले होते. तबेल्याच्या भिंतीपलीकडून कुणीतरी घोड्याला हाक मारत होतं, बाळ्याच्या वेळी बा मारायचा तशीच, जीभ टाळूला लावून. आम्ही थोडा वेळ उभे राहिलो. रेसचं पुस्तक माझ्या पिशवीत होतं. घरी येऊन आयच्या पेटीत कात्रणाशेजारी ठेवलं.

भाचा म्हणाला, "मामा, पुढच्या फेब्रुवारीत परत यायचं ना?"

म्हटलं, "एवढं कशाला थांबायचं? जुलैत घोडे पुण्याला जातील. तिकडं जाऊ. आज्जाचा कॅम्पही बघून होईल."